कोऱ्या कागदाखालची सही

आमच्या गावच्या शाळेला आठवीचा वर्ग मिळाला नाही, यात माझाही वाटा आहे. गावात हे कुणी म्हणत नाही. गावाच्या लेखी मी खाली मान घालून चालणारी गरीब बाई आहे, आणि अशा बाईवर कुणी बोट ठेवत नाही. म्हणून हे मलाच लिहावं लागतंय. मुलीच्या जुन्या वह्यांत मागची पानं रिकामी आहेत, त्यांवर लिहिते. कुणी आलं की वही ज्वारीच्या कोठीमागं सारते.

माझं माहेर मुदखेडजवळच्या एका खेड्यातलं. तिथं शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला रूळ ओलांडून मुदखेडला जावं लागे. वडील म्हणाले, "गाडी काय इचारून येती का? बसू दे पोरीला घरी." आमचे गुरुजी त्यांना समजवायला घरी आले. बोलता बोलता त्यांनी मला दाराआडून हाक मारली आणि विचारलं, "तुला शिकायचं का गं?" मला शिकायचं होतं. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिले. गुरुजी थोडा वेळ थांबले, मग कपबशी खाली ठेवून निघून गेले.

लग्न होऊन मी लातूरकडच्या या गावात आले आणि वर्षाच्या आत भूकंप झाला. आमच्या घरातलं माणूस गेलं नाही, भिंती गेल्या. शेजारच्या घरात रडायलाही कुणी उरलं नव्हतं. दोन उन्हाळे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. मग नवं गाव बांधायचं ठरलं, साहेब लोक कागद घेऊन दारोदार आले. घर कसं पाहिजे, म्हणून विचारत होते. आमच्या घराच्या वतीनं थोरले दीर बोलले. मी त्यांच्यासमोर पदर घेऊन असते. त्यांच्याशी बोलत नाही आणि ते असले की दुसऱ्या कुणाशीही मोठ्यानं बोलत नाही. आमच्यात तशीच रीत आहे. नव्या गावात घरं एका ओळीत उभी राहिली, रस्ते रुंद झाले, आणि प्रत्येक घराच्या संडासाचं दार रस्त्याकडं. कोणती बाई भर रस्त्यावर तांब्या घेऊन आत जाईल? आम्ही त्यात गोवऱ्या भरून ठेवल्या. बायकांना विचारलं असतं तर दार मागं घ्या म्हणून सांगितलं असतं, असं आम्ही पाणवठ्यावर पुष्कळदा म्हणायचो. मीही म्हणायचे. खरं तर कुणी विचारलं असतं तरी मी पदराचं टोक दातात धरून उभी राहिले असते.

शाळाही नव्या गावात नवी झाली. सातवीपर्यंत. माझी एकुलती एक मुलगी तिथंच शिकली. ती पाचवीत होती तेव्हा शाळेच्या समितीत निम्म्या बायका पाहिजेत असं वरून आलं. थोरल्या दिरांनी माझं नाव दिलं आणि अध्यक्षही मलाच केलं. ते पारावर म्हणाले होते, "आपल्या घरातली हाय, वाचता येतंय, आन् तोंड न्हाई. असाच अध्यक्ष पाहिजे." लोक हसले. मुलीनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मीही हसले.

तेव्हा सभा होत नसे. महिन्याच्या शेवटी एक गुरुजी वही घेऊन घरी येत. हे शाळेतले सगळ्यात जुने गुरुजी, थोरल्या दिरांचे दोस्त. वहीत खाली सह्यांच्या रांगा, वर सगळं कोरं. "ठराव मागून लिहितो," म्हणत. मी दाराआडून हात बाहेर काढून सही करी. चौथीत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. सही करताना मला बरं वाटे, हे लपवून काय उपयोग.

त्या वर्षी शाळेला नवीन मुख्याध्यापक बाई आल्या. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणू लागलं. मूळच्या नांदेडच्या, राहायला अहमदपूरला, घरी म्हातारी आई. रोज एसटीनं येत आणि एसटीनं जात. पहिल्याच महिन्यात त्यांनी वही परत पाठवली. सभा शाळेत होईल, सगळ्यांनी यावं, असा निरोप आला.

ती पहिली सभा मला आठवते. बाईंनी मोठ्या वर्गात सतरंज्या गोल अंथरल्या होत्या आणि स्वतः खाली बसल्या होत्या. थोरले दीर दारातच थांबून म्हणाले, "काय मोठ्या बाई, खुर्ची मोडली का तुमची?"

"मोडली नाही. पण खुर्चीत बसलं की मला पुढच्याच लोकांची तोंडं दिसतात."

सगळे बसले. मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी. बाई म्हणाल्या, "मोठ्या मुली दुपारच्या खिचडीनंतर वर्गात परत येत नाहीत. का येत नाहीत ते मला कळत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

मुख्याध्यापकानं सगळ्यांसमोर कळत नाही म्हणावं, याची मलाच लाज वाटली. जुने गुरुजी म्हणाले, "घरी कामं असतात, दुसरं काय." कुणी हो म्हणालं. बाईंनी एकेकाकडं बघत पूर्ण गोलावरून नजर फिरवली. माझ्यापाशी थांबल्या. "अध्यक्षताई, तुम्हाला काय वाटतं?" थोरल्या दिरांनीच उत्तर दिलं, "ती काय सांगणार? लिहा, घरी कामं असतात." बाईंनी ते माझ्या नावावर लिहिलं नाही. वहीत जे बोललं गेलं ते लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग सह्या घेतल्या. भरल्या पानाखाली सही करायची माझी ती पहिली वेळ.

गावात त्यांचं नाव गोलबाई पडलं. "आज गोलबाईनं कुणाला इचारलं? शाळंतल्या कुत्र्याला इचारलं का न्हाई?" असं हॉटेलावर चाले. त्यांनी खरंच सगळ्यांना विचारलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशीला विचारलं, शाळेमागं शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, पहिलीतल्या पोरांना विचारलं. आणि बायका गोलात बोलत नाहीत हे दोन सभांतच त्यांच्या ध्यानात आलं.

मग त्या शनिवारी शाळा सुटल्यावर खिचडीच्या शेडमध्ये मावशीसोबत तांदूळ निवडत बसू लागल्या. येणाऱ्या जाणाऱ्या बायकांना हाक मारत. "या, हात लावा जरा." हातात सूप असलं की मला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मी खडे वेचता वेचता म्हणाले, "पोरी कामाला न्हाई जात. शाळंतल्या संडासात पाणी नसतंय, दार रस्त्याकडं हाय. म्हणून घरी जातात. घरी गेल्या की घरचे ठिवून घेतात."

मला वाटलं बाई आता साहेबासारखं बरं बरं करतील. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग काय करता येईल?"

पुढं असा प्रश्न असतो हे मला माहीत नव्हतं. शेडमध्ये आम्ही सात-आठ बायका होतो. मावशी म्हणाली, "माय, पानी काय, आपण भरून टाकू. एका आळीनं एक दिस." दुसरी म्हणाली, शेडचे जुने पत्रे गावात पडलेत, ते दारापुढं उभे करता येतील. त्याच आठवड्यात पत्रे उभे राहिले. वार लावून आम्ही घागरी नेऊ लागलो. पोरी दुपारच्या वर्गात बसू लागल्या. पुढच्या सभेत बाईंनी वहीत लिहिलं, ही सूचना अध्यक्षांची. आणि ते मोठ्यानं वाचलं. थोरल्या दिरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, पण आतून मला फार गोड वाटलं. त्या गोडीवर मी वर्षभर जगले म्हटलं तरी चालेल.

त्या दिवसांत गावात एकच बोलणं होतं, लातूरचं. कुणाचं पोरगं कोणत्या क्लासला, किती तास बसवतात, कुणाचा नंबर लागला. ज्याची ऐपत होती त्यानं पोरगं आठवीपासून, काहींनी पाचवीपासूनच लातूरला खोली करून ठेवलं. सकाळच्या एसटीत ट्रंका चढत. गावात राहिल्या त्या पोरी आणि ज्यांचे बाप ट्रंक घेऊ शकत नव्हते ती पोरं. जुन्या गुरुजींनी गावातच क्लास काढला होता. शाळेच्याच खोलीत, सकाळी शाळेआधी, फी घेऊन. गणित त्यांच्यासारखं कुणी शिकवत नसे, हे मान्य केलं पाहिजे. पण जे क्लासात शिकवत ते वर्गात शिकवत नसत. माझी मुलगी एकदा रडत घरी आली. तिनं गणित विचारलं तर गुरुजी म्हणाले होते, "ते सकाळच्या पोरांना इचार."

हे मी शनिवारी तांदूळ निवडताना बाईंना सांगितलं. मीच सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही.

बाईंनी सभेत हा विषय काढला नाही. शिक्षकांचा वेगळा गोल होता, तिथं काढला. मावशी चहा घेऊन गेली होती, तिनं ऐकलं ते आम्हाला सांगितलं. गुरुजी लाल होऊन म्हणाले होते, "कुणी सांगितलं हे? नाव सांगा." बाई म्हणाल्या, "नावाचं काय करायचं? गणित तुमच्याइतकं आमच्यापैकी कुणाला येत नाही. सगळ्या पोरांना ते मिळायचं तर कसं करू या, एवढंच ठरवू." तासभर बोलणं चाललं. शेवटी ठरलं की पहिला तास सगळ्या मोठ्या वर्गांना गुरुजींनीच गणित शिकवायचं आणि बाकीचे शिक्षक मागं बसून बघणार. सकाळची खोली सगळ्या पोरांना उघडी, फी नाही, शिक्षक पाळीनं येणार. गुरुजींनीही हो म्हटलं. तोंडानं म्हटलं. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा लातूरला होता, त्याचं कसं भागवायचं हे त्या गोलात त्यांनी काढलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बाईंचं काही चुकलं असेल तर एवढंच चुकलं, असं मला आता वाटतं.

मुलगी सातवीत गेली. आठवीसाठी शेजारच्या गावाला तीन कोस पायी, नाहीतर लातूर. गावातल्या पोरी सातवीनंतर घरीच बसत. मी बसले होते तशाच. पावसाळ्यानंतरच्या एका सभेत बाईंनी सांगितलं की आपल्या शाळेला आठवीचा वर्ग मिळू शकतो. समितीनं मागणी केली पाहिजे, खोली दाखवली पाहिजे, पोरं टिकली पाहिजेत. "हे माझ्या एकटीच्या अर्जानं होणार नाही. गावानं मागितलं तर मिळेल." त्या रात्री जेवताना मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, आठवी हितंच होणार. आईच अध्यक्ष हाय." नवरा कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "बरं झालं." मी तिच्या ताटात दुसरी भाकर टाकली. ती दोन तरी खायची त्या दिवसांत.

दिवाळीनंतर बाई दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला लातूरला गेल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी थोरले दीर आणि जुने गुरुजी घरी आले. नवरा रानात होता. मुलीला ताप होता म्हणून ती घरी होती. मी आत गेले. थोरले दीर ओट्यावर बसून मुलीला म्हणाले, "आईला सांग, आठवीच्या वर्गाचा अर्ज द्यायचाय. साहेब उद्याच मागायलेत. सही पाहिजे."

मुलगी अंथरुणातून उठून उभी राहिली. तिचे डोळे तापानं चमकत होते की आनंदानं, कोण जाणे. तिनं कागद आत आणला. लांब रेघांचा कागद. कोरा. खाली शाळेचा शिक्का मारलेला आणि त्यावर पेन्सिलीनं फुली, सही इथं.

मी मुलीच्या कानात म्हणाले, "इचार, लिवलं कामून न्हाई?"

तिनं विचारलं. बाहेरून गुरुजी हसले. "अगं, अर्ज टाइप करायचा असतो. तालुक्याला करून घेतो. मोठ्या बाईंनीच फोन करून सांगितलंय."

थोरले दीर म्हणाले, "दोन सभांना बसली तर आता आम्हाला वाचून दाखवायचं का तिला? सांग आईला, नसंल करायची तर नको करू म्हणावं. आठवी आपल्याला कामून पाहिजे? माझी पोरं तर लातूरला हायेत."

मला ठाऊक होतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण पुढं मी स्वतःला फार वेळा सांगितलं की मला फसवलं. बाई लिहिल्याशिवाय, वाचल्याशिवाय सही घेत नाहीत, त्या असा फोन करणार नाहीत, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण थोरले दीर बाहेर बसले होते, आवाज चढला होता, आणि मुलगी माझ्याकडं बघत होती. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. सही करायला नुसता हात पुरे होता. मी माझ्या चांगल्या अक्षरात सही केली.

बाई परत आल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. शनिवारी तांदूळ निवडायला गेले नाही. मुलगी आजारी आहे म्हणून निरोप दिला. ती बरी होऊन शाळेत गेली होती.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून शिक्षण विस्तार अधिकारी साहेब चौकशीला आले. शिपाई मला बोलवायला आला. सातवीच्या वर्गात पोरांना व्हरांड्यात बसवून टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, बाजूला थोरले दीर, गुरुजी, गावातले चार लोक, आणि समोर बाई एकट्या उभ्या. साहेबांनी कागद वाचला. मुख्याध्यापक बाई शाळेचा वेळ सभांमध्ये घालवतात. शिकलेल्या शिक्षकांना डावलून स्वयंपाकिणीला, शेळ्या राखणाऱ्याला विचारून शाळा चालवतात. शिक्षकांना दुसऱ्याच्या वर्गात मागं बसवून त्यांचा अपमान करतात. बायकांना गोळा करून घराघरांत भांडणं लावतात. तरी त्यांची बदली व्हावी. खाली अध्यक्ष म्हणून माझी सही.

शेवटची वाक्यं टाइप केलेली नव्हती, हातानं लिहिलेली होती. माझ्या सहीच्या वर जागा कमी पडल्यामुळं अक्षरं बारीक होत होत एकमेकांवर चढली होती. साहेबांनी कागद माझ्यापुढं धरला तेव्हा मला ते दिसलं. मी बोट ठेवून एवढं दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

"ही सही तुमचीच का, बाई?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. गोलात कुणाच्या बोलण्याची वाट बघताना बघत, तशाच बघत होत्या. साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी म्हणाले, "व्हय साहेब. माझीच हाय."

ते खोटं नव्हतं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जा म्हणाले. बाहेर व्हरांड्यात खिडकीखाली माझी मुलगी बसली होती. मी तिच्याकडं न बघता घरी आले.

संध्याकाळी ती चुलीपाशी येऊन बसली. थोडा वेळ काटक्या मोडत राहिली. मग म्हणाली, "आई, कागदावर तर काहीच न्हवतं. मी आणला होता ना आत. तू साहेबाला सांगितलं कामून न्हाई?"

मी म्हणाले, "गप बस."

"पण आई—"

"गप म्हणलं ना! भिंतीपलीकडं मोठे बाबा ऐकतील."

ती गप बसली. ते फार चांगलं शिकली ती. त्यानंतर तिनं मला कधी काही विचारलं नाही, आजपर्यंत.

बाईंची बदली झाली. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात. तिथून अहमदपूरला रोज जाऊन येऊन होत नाही, म्हणजे म्हाताऱ्या आईला सोडून नाहीतर घेऊन राहायचं. जायच्या आदल्या दिवशी त्या घरोघरी भेटत आल्या. आमच्या दारात त्यांचा आवाज आला. मी गोठ्यात जाऊन उभी राहिले आणि मुलीला सांगायला लावलं, आई रानात गेली. मुलीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं. अभ्यास करत राहा," आणि पुढं गेल्या. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

शाळेचा कारभार जुन्या गुरुजींकडं आला. गोल बंद झाला, वही पुन्हा घरी येऊ लागली. घागरींचा वार दोन महिने चालला, मग एका आळीनं सोडला, मग सगळ्यांनी. कुणी कुणाला विचारणारंच नव्हतं. आठवीचा अर्ज गेला का, हे मी नवऱ्याकरवी एकदा विचारलं. "पोरं न्हाईत म्हणून देत न्हाईत," असं उत्तर आलं. वर्ग आला नाही. राहिली ती शेजारच्या गावची शाळा. तीन कोसांची वाट मधे ओढ्यातून जाते. नवरा नको म्हणाला, त्याला दोष देत नाही.

माझी नणंद लातूरला राहते. तिनं घरात क्लासच्या पोरांची खानावळ काढली होती. मुलीला तिच्याकडं ठेवलं. सकाळी चाळीस पोरांच्या पोळ्या, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. आमच्या गावची पोरंही तिथं जेवायला यायची, तिच्याच वर्गातली. ती लाटायची आणि ती पोरं ताट पुढं करायची. दहावीला ती कशीबशी पास झाली. गणितात पस्तीस. पुढं शिकली नाही. तिचं लग्न लातूरलाच झालं, आता तिची स्वतःची खानावळ आहे. धंदा चांगला आहे, नवरा चांगला आहे. लोक मला सांगतात, पोरगी हुशार निघाली. मी हो म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात माहेरी भाऊ आजारी म्हणून मी नांदेडच्या बसमध्ये बसले. अहमदपूरला गर्दी चढली. एक बाई दांड्याला धरून उभ्या होत्या, केस पांढरे, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं आणि तोंड खिडकीकडं केलं. इतक्या वर्षांनी पहिली गोष्ट मी हीच केली. शेजारचा माणूस उतरला आणि त्या माझ्याशेजारी बसल्या.

"अध्यक्षताई ना?"

मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं. आई गेली म्हणाल्या, नोकरी संपली म्हणाल्या. "तिकडच्या गावातही गोल करत होते. तिथले लोक निम्मं कानडी बोलत, त्यामुळं मला जास्तच विचारावं लागे," असं म्हणून हसल्या. मग विचारलं, "मुलगी काय करते?"

मी सांगितलं. मग मी एका दमात म्हणाले, "बाई, त्या कागदावर मी सही केली तवा काहीच लिवलेलं न्हवतं. कोरा होता."

"मला माहीत होतं."

"मग तुम्ही साहेबाला कामून न्हाई सांगितलं?"

बाईंनी पिशवीचे बंद नीट केले. "साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं ना, ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्याऐवजी मीच उत्तर दिलं असतं, तर मग तुमच्या घरच्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? मी थांबले. थोडं जास्त थांबले बहुतेक. आठवीच्या पोरींचं शिक्षण त्यात गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं."

त्या स्वतःचीच चूक सांगत होत्या. माझ्या शेजारी बसून, मला पाणी पाजून. त्यानंतर लोह्यापर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो, मावशीबद्दल बोललो. मावशी दोन वर्षांपूर्वी वारली हे त्यांना माहीत नव्हतं. लोह्याला त्या उतरल्या. खालून हात हलवला.

बस निघाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कागद कोरा होता एवढंच सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं मनात घोळवून मी शेवटी त्यांच्यापुढं दुसऱ्यांचीच चूक मांडली. माझं चुकलं, हे दोन शब्द मी त्यांना म्हटलेच नाहीत. मुलीलाही नाही. तिच्याकडं मी महिन्यातून एकदा जाते, पोळ्या लाटायला मदत करते. ती परातीच्या त्या बाजूला असते, मी या बाजूला. दोघींच्याही हातात काम असतं. कुणी मोठं माणूस बाहेर बसलेलं नसतं. तरी आम्ही पिठाबद्दल बोलतो.